वेबसाइट आपली, पण डोमेन कुणाच्या नावावर?

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज आणि आंबेडकरी ग्रंथांचे एक छोटे दुकान आहे. दुकान काकांनी उभे केले. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर त्यांचा स्टॉल लागायचा. २०१८ मध्ये ओळखीच्या एका मुलाने त्यांना वेबसाइट करून दिली. काकांनी पाच वर्षांचे पैसे एकदम भरले आणि वेबसाइटचा पत्ता दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर, मूर्तीच्या खोक्यावर छापून घेतला. बाहेरगावच्या विहारांच्या ऑर्डरी या पत्त्यावरून येऊ लागल्या.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले. दुकान त्यांच्या मुलीने सांभाळले. २०२३ च्या पावसाळ्यात वेबसाइट उघडेनाशी झाली. ताईंना वाटले, सर्व्हरचा काहीतरी घोळ असेल. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत होत्या, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायला सवड झाली नाही. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या तोंडावर, एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, “जयभीम ताई. तुमच्या वेबसाइटवर रमीची जाहिरात कशी काय?”

ताई आमच्याकडे आल्या तेव्हा सगळ्या मुदती उलटून गेल्या होत्या. डोमेनची पाच वर्षे जूनमध्येच संपली होती. आठवणीचे मेल ज्या ईमेलवर गेले तो वेबसाइट करणाऱ्या मुलाने उघडलेला होता. त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता आणि मुलगा नोकरीसाठी परराज्यात गेलेला. ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा तो काकांचा नंबर. त्यांच्यानंतर रिचार्ज झाले नाही, म्हणून तोही बंद पडला होता. नाव मोकळे झाले आणि कुणा तिऱ्हाइताने ते घेतले. चोरी झाली नव्हती, कुणी हॅकिंगही केले नव्हते. फक्त एका नोंदीकडे पाच वर्षे कुणी पाहिले नव्हते.

ताईंच्या परवानगीने, नावगाव न सांगता, हा अनुभव आम्ही इथे मांडतो आहोत. कारण त्यानंतर आम्ही आमच्या संपर्कातल्या दुकानदारांना, बचत गटांना, छोट्या प्रकाशकांना एकच प्रश्न विचारत गेलो, “तुमचे डोमेन कुणाच्या नावावर आहे?” बहुतेकांचे उत्तर होते, “ते त्या वेबसाइटवाल्या पोराला माहीत.”

डोमेन विकत मिळत नाही

“मी डोमेन विकत घेतले” असे आपण सहज म्हणतो. खरे तर डोमेन ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदवले जाते. मुदत एक वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत असते. मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरले तर नोंद चालू राहते, नाहीतर नाव सुटते.

या व्यवहारात तिघे असतात. पहिली असते रजिस्ट्री, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या नावांचे मूळ दप्तर सांभाळणारी संस्था. ‘डॉट कॉम’चे दप्तर व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते. ‘डॉट इन’ आणि देवनागरीतले ‘डॉट भारत’ यांचे दप्तर नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही आपल्याकडची संस्था सांभाळते. दुसरा असतो रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन आपण पैसे भरतो ती. तिसरा असतो नोंदणीधारक. हा तिसरा रकाना आपला असायला हवा.

याशिवाय होस्टिंग नावाची वेगळी गोष्ट असते. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे त्या पत्त्यावरची भाड्याची खोली. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात, दोन्हींच्या मुदती वेगळ्या असू शकतात. “वेबसाइटचे पैसे भरले” म्हणजे डोमेनचे भरले असे धरून चालू नये. खोली बदलता येते, तिथले सामान दुसरीकडे हलवता येते. पत्ता गेला तर जुने ग्राहक दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभे राहतात.

गावाकडच्या माणसाला हे सातबाऱ्याच्या भाषेत चटकन समजते. जमीन कसतो कोण हा एक प्रश्न, आणि उताऱ्यावर नाव कुणाचे हा दुसरा. वतनी जमिनींच्या निमित्ताने आपल्या आधीच्या पिढ्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. कागदावर नाव नसले की घामाला किंमत उरत नाही, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. डोमेनची नोंद हा आपल्या धंद्याचा इंटरनेटवरचा सातबारा आहे. फरक इतकाच, की इथे वारसाची नोंद लावायला तलाठी घरी येत नाही आणि मुदत संपली की जमीन लगेच दुसऱ्याला मिळू शकते.

नोंदीत काय असते आणि ते खरे का असावे

नोंदीत नोंदणीधारकाचे नाव, संस्थेचे नाव, पत्ता, ईमेल आणि फोन असतो. यातली बरीच माहिती आज लोकांना दिसत नाही. युरोपातला खासगी माहितीचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या नोंदीतली वैयक्तिक माहिती सहसा झाकलेली असते. त्यामुळे “आपली नोंद बाहेरून तपासली, सगळे ठीक आहे” असे म्हणता येत नाही. बाहेरून रजिस्ट्रार कोण, नोंद कधी झाली, मुदत कधी संपते आणि कुलूप आहे की नाही, एवढे कळते. नाव आणि ईमेल कुणाचे आहे हे पाहायला रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करावे लागते. तिथे लॉगिनच करता येत नसेल, तर आपले काम तिथूनच सुरू होते.

काही जण मुद्दाम खोटा पत्ता किंवा बंद नंबर टाकतात, “उगाच कशाला माहिती द्यायची” म्हणून. हे अंगाशी येऊ शकते. जगभरातल्या डोमेन नावांचे नियम ठरवणारी आयकॅन ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार ‘डॉट कॉम’सारख्या नावांची नवी नोंद झाल्यावर, किंवा नोंदणीधारकाचा तपशील बदलल्यावर, रजिस्ट्रारला ईमेल किंवा फोनची खातरजमा करावी लागते. त्यासाठी आलेल्या मेलला १५ दिवसांत उत्तर दिले नाही तर वेबसाइट थांबवली जाऊ शकते. जाणूनबुजून खोटी माहिती दिली, किंवा माहितीबद्दल विचारणा झाल्यावर १५ दिवस उत्तरच दिले नाही, तर डोमेन गोठवले किंवा रद्दही केले जाऊ शकते.

वर्षातून एकदा रजिस्ट्रारकडून “तुमची माहिती बरोबर आहे का, पाहून घ्या” असा मेलही येतो. हा मेल आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. तो वाचावा, आणि मेलमधल्या लिंकवर न जाता स्वतः पत्ता टाइप करून खात्यात जाऊन माहिती तपासावी.

मुदत संपल्यावर नेमके काय होते

‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आधी आणि एक आठवडा आधी आठवण पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. मुदत संपल्यावरही पाच दिवसांत एक आठवण यावी लागते. पण हे सगळे मेल नोंदीतल्या ईमेलवर जातात. तो ईमेल मेलेला असेल तर नियम पाळले जातात आणि आपल्याला काहीच कळत नाही. ताईंच्या बाबतीत नेमके हेच झाले.

मुदत संपल्यावर नेहमीच्या दराने नूतनीकरण करण्यासाठी रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतो. ती ४५ दिवसांपर्यंत असू शकते. पण किती द्यायची हे रजिस्ट्रार ठरवतो, म्हणून ४५ दिवस आपल्या हक्काचे समजू नयेत. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. या काळात नाव परत मिळते, पण त्यासाठी नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. मग शेवटचे पाच दिवस. त्यात कुणालाच काही करता येत नाही. ते संपले की नाव जगातल्या कुणालाही घेता येते. जुन्या, वापरात असलेल्या नावांवर नजर ठेवून बसलेले व्यापारी असतात, आणि त्यांची यंत्रणा क्षणार्धात नाव उचलते. ‘डॉट इन’च्या मुदती आपल्या रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्याव्यात.

अशी चूक फक्त अडाणी माणसाकडून होते असे समजण्याचे कारण नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरायचे विसरले आणि हॉटमेलच्या वापरकर्त्यांना लॉगिन करता येईना. बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने पदरचे ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला असा भला माणूस भेटला. आपल्या दुकानाला तो भेटेलच असे नाही.

नाव गेल्यावर परत मिळवण्याच्या वाटा अरुंद आहेत. ‘डॉट कॉम’साठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय तक्रार प्रक्रिया आहे, ‘डॉट इन’साठी निक्सीची स्वतंत्र प्रक्रिया आहे. पण तिथे आपला त्या नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतले आहे, हे सिद्ध करावे लागते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढची साधी तक्रार करायलाही १,५०० डॉलर शुल्क आहे. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांत सांभाळता येणारे नाव परत मिळवायला लाखाच्या वर खर्च. ताईंनी हिशेब केला आणि ती वाट सोडून दिली.

आज संध्याकाळी करायची कामे

पहिले काम, नोंद पाहा. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’साठी ‘लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग’ या पत्त्यावर आपले डोमेन टाकले की रजिस्ट्रारचे नाव आणि मुदत दिसते. ‘डॉट इन’ची नोंद निक्सीच्या ‘रजिस्ट्री डॉट इन’वर पाहता येते. मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

दुसरे काम, नाव आपले करा. वेबसाइट करून देणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने नोंद केलेली असते. बहुतेकदा त्यात वाईट हेतू नसतो. आपली मुलेच असतात ती, शिकता शिकता चार पैसे कमावणारी. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. “दादा, डोमेन आमच्या खात्यात वळते करून दे” एवढे सांगा आणि ते पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करा. एकट्या मालकाचा धंदा असेल तर मालकाचे नाव, भागीदारी, बचत गट किंवा ट्रस्ट असेल तर संस्थेचे नोंदणीकृत नाव टाका. पॅन, उद्यम नोंदणी किंवा बँक खात्यावर जसे स्पेलिंग आहे तसेच इथे असू द्या. उद्या मालकी सिद्ध करायची वेळ आली तर कागद जुळले पाहिजेत.

एका गोष्टीची काळजी घ्या. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे डोमेन नेल्यावर, किंवा नवी नोंद केल्यावर, साधारण ६० दिवस ते पुन्हा हलवता येत नाही. नोंदणीधारकाचे नाव बदलल्यावरही असे बंधन लागू शकते. म्हणून मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा, मग बदल करा.

तिसरे काम, ईमेल आणि मोबाइल. नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो, आणि आठवण जिथे यायची तेच दार बंद होते. धंद्यासाठी वेगळा जीमेल किंवा तत्सम ईमेल काढा. तो घरातल्या किंवा गटातल्या किमान दोन विश्वासू माणसांना उघडता आला पाहिजे. ओटीपीचा मोबाइल नंबर कायम रिचार्ज असलेला हवा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो.

चौथे काम, पैसे. ऑटो-रिन्यूअल चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप वसुलीचे कडक नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि त्यानंतर अनेकांच्या जुन्या सूचना बंद पडल्या. कार्डाची मुदत संपली, कार्ड बदलले, तरी पैसे जात नाहीत. शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचे एकदम भरा. पण लांब मुदतीत विसरण्याचा धोका असतो, म्हणून नोंद दरवर्षी एकदा पाहायचीच. आम्ही लोकांना १४ एप्रिलची आठवण ठेवायला सांगतो. जयंतीच्या आठवड्यात दुकानाला रंग देतो, झेंडा बदलतो, त्याच आठवड्यात डोमेनची नोंदही पाहायची.

पाचवे काम, कुलूप. रजिस्ट्रारच्या खात्यात ट्रान्सफर लॉक नावाची सोय असते. ती चालू असेल तर डोमेन परस्पर दुसरीकडे नेता येत नाही. नेण्यासाठी एक गुप्त कोड लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. एटीएमचा पिन जसा कुणाला सांगत नाही तसाच हा कोड सांगायचा नाही. खात्याला दुहेरी पडताळणी लावा. पासवर्ड इथला वेगळा, ईमेलचा वेगळा. आणि ईमेललाही दुहेरी पडताळणी लावा, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याला ‘पासवर्ड विसरलो’ एवढे दाबून बाकीची खाती उघडता येतात.

सहावे काम, फसव्या मेलपासून सावध राहा. “तुमचे डोमेन आज रात्री बंद होणार, या लिंकवर पैसे भरा” असे मेल येतात. कधी बिलासारखा दिसणारा कागद येतो, तो भलत्याच कंपनीचा असतो. नियम सोपा ठेवा: आपला रजिस्ट्रार कोण हे माहीत असावे आणि पैसे फक्त त्याच्या खात्यात स्वतः लॉगिन करून भरावेत. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

सातवे काम सगळ्यात अवघड, कारण ते बोलायला कुणाला आवडत नाही. आपल्यानंतर काय? एका वहीत डोमेनचे नाव, रजिस्ट्रारचे नाव, नोंदीतला ईमेल, मोबाइल नंबर आणि मुदत लिहा. ही वही दुकानाच्या परवान्यासोबत, बँकेच्या पासबुकासोबत ठेवा. पासवर्ड उघड्यावर लिहू नका, पण तो कुठे आहे हे वारसाला सांगून ठेवा. कर्त्या माणसाच्या मागे घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन रजिस्ट्रारशी लवकर संपर्क साधावा. मुदत शिल्लक असेल तर मार्ग निघण्याची शक्यता असते. काकांच्या मागे पहिल्या दोन वर्षांत कुणी हे केले असते, तर ते नाव आजही दुकानाच्या पाटीवर असते.

युवकांनी काय करावे

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, आणि १९५६ मध्ये ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर आपला आवाज टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज आपले कितीतरी तरुण फेसबुक पेज आणि यूट्यूब चॅनेलवर काम करतात. पेज एका दिवसात बंद होऊ शकते. स्वतःच्या नावाचे डोमेन ही त्यातल्या त्यात आपल्या ताब्यातली जागा आहे. म्हणून तर तिची नोंद नीट सांभाळायला हवी.

संगणकाचे शिक्षण घेतलेल्या आपल्या मुलामुलींना आमची विनंती आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास बसा. वस्तीतल्या दुकानदारांना, बचत गटाच्या महिलांना, विहार समितीच्या लोकांना त्यांची नोंद उघडून दाखवा. पासवर्ड स्वतः टाकू नका, त्यांना टाकायला शिकवा. वेबसाइट करून देत असाल तर पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या नावाने, ग्राहकाच्या ईमेलवर नोंद करा आणि काम संपल्यावर कागदावर सगळे लिहून द्या. सम्यक आजीविकेचा अर्थ विकणाऱ्याला लागू आहे तसा सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. आणि तथागतांनी ज्या अप्रमादाची शिकवण दिली, ती अशा छोट्या, कंटाळवाण्या कामांतच कसाला लागते.

ताईंनी आता नवे ‘डॉट इन’ डोमेन घेतले आहे. नोंद त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, दुसरा माणूस म्हणून त्यांच्या धाकट्या भावाला सगळे माहीत आहे. जुन्या पत्त्याची छापील खोकी अजून गोदामात पडून आहेत. ती वाया घालवायला जीव होत नाही, म्हणून प्रत्येक खोक्यावर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावून त्या माल पाठवतात. जुना पत्ता मात्र खाली तसाच राहतो, आणि कुणीतरी अजूनही फोन करून विचारते, “ताई, ती रमीची वेबसाइट तुमचीच का?”

जयभीम! नमो बुद्धाय!